डावा कौल

दक्षिण कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावण्याची रीत आहे. मूर्तीच्या अंगावर ठरावीक जागी फुलाच्या पाकळ्या किंवा कळ्या ओल्या करून चिकटवतात, गाऱ्हाणे घातले जाते, आणि मग सारे जण वाट पाहत उभे राहतात. उजवीकडची पाकळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. घर बांधायचे असो, विहीर खणायची असो की सोयरीक जुळवायची असो, कौलावाचून पुढे पाऊल टाकायचे नाही, असे मानणारी माणसे आजही आहेत. या रीतीत श्रद्धेचा भाग किती आणि योगायोगाचा किती, हा प्रश्न येथे गौण आहे. लक्षात घेण्याजोगी गोष्ट निराळी आहे. डावीकडची पाकळी पडू शकते, हे कौल लावणाऱ्याने प्रश्न विचारतानाच मान्य केलेले असते. उजवा कौल मिळेपर्यंत पुन्हा पुन्हा पाकळ्या लावायला सांगणारे यजमानही असतात, नाही असे नाही. पण गाव त्यांना हसते.

हाच शब्द मराठी दप्तरांत दुसऱ्या अर्थाने भेटतो. मूळ अरबी शब्दाचा अर्थ बोल, दिलेला शब्द. स्वाऱ्यांनी वा दुष्काळाने ओस पडलेला मुलूख पुन्हा लागवडीस आणायचा असला, की सरकार रयतेस कौल देई. अमुक वर्षे सारा माफ, पुढे चढत्या दराने इस्तावा, कोणाचा उपसर्ग लागणार नाही, असा तो लेखी भरवसा असे. म्हणजे एकाच शब्दाच्या पोटात प्रश्नही आहे आणि वचनही आहे. जमिनीला हात घालण्यापूर्वी एक तर विचारायचे असते किंवा शब्द द्यायचा असतो, बहुधा दोन्ही करायचे असते, अशी समजूत या भाषेने आपल्या एका शब्दात जपून ठेवली आहे.

गेल्या काही दशकांत मराठीत ‘विकासक’ हा शब्द रुळला. ‘बिल्डर’ या शब्दाला चिकटलेली बदनामी टाळण्यासाठी तो सोयीचा ठरला असावा. पण त्या शब्दात एक निवाडा आधीच दडलेला आहे. जमीन विकसित करणारा आला, याचा अर्थ तो येईपर्यंत ती अविकसित होती. तिच्यावर आणि तिच्या शेजारी जे शेकडो वर्षे राहिले, त्यांनी तिचे काही केले नाही, असे त्या एका शब्दाने ठरवून टाकले. मग तो विकासक कितीही सज्जन असो, शेजारच्या गावाशी त्याचे पहिले बोलणे सुरू होण्यापूर्वीच त्याने त्या गावाविषयी काहीतरी बोलून ठेवलेले असते.

येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. एकाच्या हाती पैसा, आराखडा आणि पुष्कळदा शासनाचा शिक्का आहे. दुसऱ्याच्या हाती केवळ पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट आहे. या दोघांत आदराचे नाते संभवते काय? संभवत असेल, तर ते कोणत्या खुणेवरून ओळखावे? नेहमीची उत्तरे सर्वांना ठाऊक आहेत: चांगला मोबदला द्यावा, स्थानिकांना नोकऱ्या द्याव्यात, शाळा-दवाखाना बांधून द्यावा, गावकऱ्यांच्या सभा घ्याव्यात. यांतले एकही त्याज्य नाही. पण हे सारे देऊनही एखाद्याचा अनादर करता येतो, कारण हे सारे देण्याच्या कोटीतले आहे. देणारा वर असतो आणि घेणारा खाली. आदर ही घेण्याच्या कोटीतली गोष्ट आहे. समोरच्याकडून आपण काय घ्यायला तयार आहोत, त्याचे ज्ञान, त्याची हरकत आणि प्रसंगी त्याचा नकार, यावर तो तोलला जातो.

भारतीय परंपरेला हा प्रश्न नवा नाही. पांडवांना वाट्याला आले खांडवप्रस्थ; तेथे त्यांनी इंद्रप्रस्थ वसवले. नगर उभे राहिले, पण शेजारी खांडववन होते आणि त्यात नाग राहत होते, पशुपक्षी राहत होते. पुढची कथा सर्वश्रुत आहे. अग्नीची भूक भागवण्यासाठी म्हणून कृष्णार्जुनांनी ते वन जाळले, आणि बाहेर पडू पाहणाऱ्या जीवांना पुन्हा आगीत लोटले. अर्जुनाचे गांडीव धनुष्य त्याला मिळाले ते याच कामासाठी, ही गोष्ट पुष्कळदा विस्मरणात जाते. इरावती कर्वे यांनी ‘युगान्त’मध्ये या प्रसंगाकडे कोणताही आडपडदा न ठेवता पाहिले आहे. त्या आगीतून वाचले ते सहा जीव: तक्षकाचा मुलगा अश्वसेन, मयासुर आणि शार्ङ्गक पक्ष्याची चार पिले. तक्षक स्वतः त्या दिवशी तेथे नव्हता, म्हणून तोही उरला.

महाभारतकाराने त्या वाचलेल्यांचा पुढे घेतलेला माग पाहण्यासारखा आहे. मय कृतज्ञ झाला आणि त्याने विजेत्यांना अद्भुत सभा बांधून दिली. जळालेल्या वनातला एक रहिवासी नव्या राजधानीचा कारागीर झाला. त्याच सभेत दुर्योधन फसला आणि हसू झाले, आणि त्या हसण्यातून काय काय निघाले ते सांगायला नको. अश्वसेन कर्णाच्या बाणावर बसून अर्जुनाचा सूड घ्यायला आला. अर्जुनाचा नातू परीक्षित तक्षकाच्या दंशाने मेला. त्याला शापाचे निमित्त होते, पण दंश करणारा तक्षकच होता. मग जनमेजयाचे सर्पसत्र आले आणि ते थांबवले आस्तीकाने, ज्याचा बाप ऋषी होता आणि आई वासुकीची बहीण. म्हणजे हे वैर शमवायला दोन्ही कुळांचे रक्त अंगात असलेले मूल जन्माला यावे लागले. एवढ्या सगळ्या विस्तारात एक गोष्ट मात्र कोठेही घडत नाही. खांडववन जाळण्यापूर्वी नागांना कोणी काही विचारत नाही.

आधुनिक काळातले याचे उदाहरण शोधायला फार दूर जावे लागत नाही. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, प्रविणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मुंबईच्या खाडीपलीकडे एक नवे शहर वसवण्याची कल्पना मांडली. त्या कल्पनेत एक थोर न्यायबुद्धी होती. शहर वसू लागले की जमिनीची किंमत वाढते. ती वाढ सट्टेबाजांच्या खिशात न जाता सार्वजनिक मालकीत राहावी आणि तिच्यातूनच रस्ते, पाणी, घरे व्हावीत, असा तो विचार होता. १९७० च्या मार्चमध्ये सिडको स्थापन झाली. ठाणे आणि तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्यांतील ९५ गावे आणि सुमारे ३४४ चौरस किलोमीटर क्षेत्र या आराखड्यात आले. योजनाकारांच्या हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. म्हणूनच हे उदाहरण अधिक बोलके आहे; लोभी माणसाच्या अन्यायातून शिकण्यासारखे फारसे काही नसते.

या गावांत प्रामुख्याने आगरी आणि कोळी माणसे राहत होती. आगरी हे नावच आगराशी, म्हणजे मिठागराशी जोडलेले आहे. भरतीचे खारे पाणी जेथे रोज दोनदा येऊन जाते अशा खाजणावर मातीचा आणि दगडाचा बांध घालायचा, त्यात लाकडी दाराची उघाडी ठेवायची, भरतीला ती मिटेल आणि ओहोटीला आतले पाणी बाहेर जाऊ देईल अशी तिची रचना करायची, पावसाळ्यामागून पावसाळे जमीन धुऊन निघू द्यायची, आणि मग तिच्यात भात पिकवायचे, हे तंत्र या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या राबवले. उधाणात बांधाला खांड पडली की ती एकट्याची आपत्ती नसे. खारे पाणी शेजाऱ्याची मेर ओळखत नाही. सारा गाव टोपल्या घेऊन बांधावर जाई. समुद्राकडून इंच इंच मिळवलेली ही जमीन सरकारी कागदात खार जमीन म्हणून नोंदली गेली. वास्तविक, त्या टापूतले पहिले भूविकासक हेच होते. नवा विकासक ओसाड रानात आलेला नव्हता, आपल्याआधीच्या विकासकांच्या दारात आला होता. पण आराखड्याच्या भाषेत त्यांना तो दर्जा नव्हता. ते ‘प्रकल्पग्रस्त’ झाले.

पुढे नवी मुंबईच्या सखल उपनगरांसाठी धारण तलाव बांधण्यात आले. पावसाचे पाणी त्यांत साठते, भरतीला झडपा मिटतात आणि ओहोटीला उघडतात. म्हणजे तत्त्व उघाडीचेच. हे तंत्र योजनाकारांनी अन्यत्र शिकले असेल, त्यात गैर काही नाही. मात्र ज्या जमिनीवर ते राबवले, त्या जमिनीतल्या माणसांकडे तेच ज्ञान होते, आणि त्यांच्याकडून घेतली गेली ती फक्त जमीन.

अधिग्रहणात गावठाणे वगळली गेली. ही सवलत वाटते, आणि देणाऱ्यांनाही ती सवलतच वाटली असणार. पण गावठाणाची रेषा जुन्या मोजणीतली. त्या रेषेबाहेरची शेते गेली, आणि रेषेच्या आत घराला घर खेटून उभे. एका घराची दोन कुटुंबे झाली, दोनाची पाच झाली, तेव्हा मुलाने घर कोठे बांधायचे? पूर्वी तो गावाच्या कडेला, स्वतःच्या शेतात बांधत असे. आता ते शेत सिडकोचे झाले होते. त्याने बांधले, आणि ते बांधकाम अनधिकृत ठरले. आजोबांच्या जमिनीवर नातू अतिक्रमणदार झाला. गाव होते तेथेच होते. शहर भोवताली आले आणि गावाला आपल्या जुन्या शिवारात शेजारी म्हणून राहावे लागले, तेही जरा गैरसोयीचा शेजारी म्हणून.

मोबदल्याचा तंटा चिघळला. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली शेतकरी उभे राहिले, आणि १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यातील जासई-दास्तान फाटा परिसरात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण मारले गेले. त्यानंतरच्या वर्षांत साडेबारा टक्क्यांची योजना आली: घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड मूळ मालकाला परत. पुढे देशात अन्यत्र भूसंपादनाची चर्चा झाली तेव्हा या सूत्राचा दाखला दिला गेला, आणि ते योग्यच होते. वाढत्या किमतीत मूळ मालकाचा वाटा आहे, हे तत्त्व त्यात मान्य झाले. पण ते मान्य व्हायला पाच माणसे मरावी लागली. आधी विचारले असते तर उत्तर कदाचित हेच आले असते, कदाचित याहून स्वस्तही. पुढे यांतले कित्येक भूखंड बिल्डरांच्या हाती गेले. त्याबद्दल आगऱ्यांना उधळे म्हणून नावे ठेवणारे पुष्कळ भेटतात. ज्याचे शेत काढून घेतले त्याला भूखंडाचे काय करायचे हे कोणी शिकवले होते, हे विचारणारे कमी भेटतात.

मोबदल्याला आणखी एक मर्यादा आहे. तो सातबाऱ्यावरच्या नावाला मिळतो. खाडीच्या खाजणात ओहोटीच्या वेळी उतरून निवट्या, चिंबोऱ्या, कालवे वेचणाऱ्या बाईचे नाव कोणत्याही उताऱ्यावर नसते. तिची कमाई रोजची असते, तिचा हक्क कोणी नाकारलेला नसतो, कारण तो कोणी नोंदवलेलाच नसतो. खाजणावर भराव पडला की तिचे जे जाते ते मोजण्याचे मापच कागदाजवळ नाही. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात संमतीचा विषयच नव्हता. २०१३ च्या कायद्याने तो आणला: खासगी कंपनीसाठी जमीन घ्यायची तर बाधित कुटुंबांपैकी किमान ८० टक्के, आणि सरकारी-खासगी भागीदारीसाठी ७० टक्के जणांची संमती हवी. ही मोठी मजल होती. तरी ती संमती मुख्यतः ज्याची जमीन जाते त्याची. ज्याची जमीन राहते पण पाणी जाते, वाट जाते, किनारा जातो, तो शेजारी या हिशेबात संमती देणारा नाही. आणि विकासकाने बाजारभावाने जमीन विकत घेतली, तर हा संमतीचा प्रश्न बहुधा उद्भवतच नाही.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो पोकळ नाही. विचारायचे म्हणजे कोणाला? ‘समाज’ नावाचा एकमुखी पुरुष कोठेही नसतो. गावात जमीनदार असतो, कूळ असते, भूमिहीन असतो. डोंगराच्या पायथ्याशी कातकऱ्यांची वाडी असते, जिला गावकीत कधीच बोलावले गेलेले नसते. विकासक गावाशी नाते जोडतो म्हणजे पुष्कळदा गावातल्या चार वजनदार माणसांशी जोडतो. त्यांना खडी-रेतीचे, माती भरण्याचे, मजूर पुरवण्याचे ठेके मिळतात, आणि मग गावाचा पाठिंबा आहे असे जाहीर होते. अशा वेळी परंपरेचा आदर म्हणजे परंपरेतल्या सत्तेचा आदर होऊन बसतो. हडपसरच्या मगरपट्ट्यात शेतकरी कुटुंबांनी सुमारे ४०० एकर जमीन एकत्र करून, स्वतःच कंपनी काढून नगर वसवले. येथे विचारणारा आणि उत्तर देणारा एकच होता, आणि विस्थापनाचे दुःख टळले. तरी तेथेही वाटा ठरला तो जमिनीच्या प्रमाणात. जो त्या शेतांत राबला पण ज्याची जमीन नव्हती, त्याचे प्रमाण शून्य.

म्हणून कौलाच्या रीतीतली दुसरी गोष्ट ध्यानात घ्यावी लागते: तो बंद खोलीत लागत नाही. ज्याला पाहायचे त्याने यावे आणि पाकळी पडताना पाहावी. २०१३ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ओडिशातील नियमगिरीच्या प्रकरणात असा निकाल दिला की, डोंगरावरच्या बॉक्साइटच्या खाणीमुळे डोंगरिया कोंध आदींच्या धार्मिक हक्कांना बाधा येते किंवा कसे, हे ग्रामसभांनी ठरवावे. त्या पावसाळ्यात रायगडा आणि कालाहांडी जिल्ह्यांतील १२ ग्रामसभा भरल्या. ज्यांच्या भाषेत आजवर कोणी त्यांना काही विचारले नव्हते, ती माणसे उभी राहून बोलली, आणि बाराही सभांनी खाणीला नकार दिला. तो नकार मानला गेला. या घटनेचे महत्त्व निकालाच्या आशयाइतकेच त्याच्या रूपात आहे. बाराही सभांनी होकार दिला असता तरी विचारणे खरेच ठरले असते, कारण उत्तर आधी ठरलेले नव्हते. मात्र तेथवर पोहोचायला अनेक वर्षांचा लढा आणि देशातले सर्वोच्च न्यायालय लागले, हेही खरे.

बाकी बहुतेक ठिकाणी विचारण्याची जागा शोभेने घेतली आहे. प्रकल्पाचे भूमिपूजन थाटात होते. गंमत अशी की या विधीच्या मुळाशी क्षमायाचना आहे. वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’त लाकडासाठी झाड तोडण्यापूर्वी त्यावर राहणाऱ्या भूतांना बळी अर्पण करून, आपला मुक्काम हलवावा, अशी विनंती करण्याचा विधी सांगितला आहे. अदृश्य रहिवाशांची परवानगी मागणारी ही संस्कृती दृश्य रहिवाशांना नोटीस पाठवते. मग गावदेवीच्या देवळाचा जीर्णोद्धार होतो, जत्रेला देणगी मिळते, उद्‌घाटनाला कोळीनृत्य ठेवले जाते आणि मनोऱ्याला एखादे खाडीचे वा माशाचे नाव दिले जाते. यातली प्रत्येक गोष्ट गावाला आवडते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तिच्याने आराखड्यातली एकही रेषा हलत नाही.

नावाचा प्रश्न मात्र शोभेचा म्हणून मोडीत काढता येणार नाही. २०२१ च्या जूनमध्ये बेलापूर येथे सिडकोच्या कार्यालयाभोवती हजारो माणसे जमली, ती नवी मुंबईच्या विमानतळाला दि. बा. पाटील यांचे नाव द्यावे म्हणून. २०२२ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने तसा ठराव केला. जमीन गेली, डोंगर कापला गेला, नदीचे पात्र वळवले गेले. मग नावासाठी एवढा आग्रह का, असे शहरातल्या सुशिक्षितांना वाटले. ज्याचे सारे गेले तो नाव मागतो, कारण नावातून निदान हे कबूल होते की येथे आधी कोणीतरी होते. ‘विकासक’ या शब्दाने जे पुसले, ते त्याला परत लिहून हवे असते.

रेषा हलल्याचे एक उदाहरण मुंबईतच आहे. वरळीच्या कोळीवाड्यातून समुद्रात जाणाऱ्या होड्यांच्या वाटेवर किनारी रस्त्याचा पूल येणार होता. दोन खांबांत ६० मीटर अंतर ठेवले होते आणि महापालिकेच्या मते ते पुरेसे होते. मच्छीमारांचे म्हणणे असे की, सागरी सेतूचे खांब आधीच तेथे आहेत. वारा आणि ओढ यांच्यात होडी सरळ रेषेत चालत नाही, ती आडवी जाते, आणि दोन होड्या समोरासमोर आल्या तर खांबावर आदळण्यावाचून गत नाही. त्यांनी २०० मीटर मागितले. कागदावर होडीची रुंदी मोजणारा आणि होडीत बसून ओढ मोजणारा यांच्यातला हा मतभेद होता. पत्रे गेली, बैठका झाल्या. अखेर मच्छीमारांनी होड्या आडव्या घालून समुद्रातले काम अडवले. २०२२ च्या डिसेंबरात अंतर १२० मीटर करण्याचे जाहीर झाले, एक खांब आराखड्यातून वगळावा लागला, आणि खर्च वाढला.

हा विजय अर्धा म्हणावा लागेल. मागितले २०० आणि मिळाले १२०, म्हणून केवळ नव्हे. देवघेवीत तेवढे होतेच. पण प्रश्न आधी आणि काम नंतर, हा क्रम उलटा झाला. होड्या आडव्या आल्यानंतर मिळालेला कौल हा बळाचा कौल असतो, आणि ज्या गावाकडे होड्या नाहीत, वर्तमानपत्रे नाहीत, मुंबई नाही, त्याला तो मिळत नाही. तरी एक गोष्ट त्या वगळलेल्या खांबाने सिद्ध केली. आराखडा वाकू शकतो. ‘आता बदल करणे तांत्रिकदृष्ट्या अशक्य आहे’ हे वाक्य निसर्गनियमासारखे उच्चारले जाते. ते बहुधा वेळापत्रकाविषयीचे आणि पैशाविषयीचे वाक्य असते.

येथे शहराची बाजू मांडली नाही तर विचार एकांगी होईल. वाशीच्या घाऊक बाजारात पाठीवर गोणी वाहणारा, सातारा वा पुणे जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावातून आलेला माथाडी कामगार नव्या शहरात डोक्यावर छप्पर मागतो, तेव्हा तो कोणाचा शत्रू नसतो. तोही एका गावातून उखडलेलाच आहे. प्रत्येक गावाने प्रत्येक प्रकल्पाला डावा कौल दिला, तर त्याची किंमत विकासक देत नाही, तो माथाडी देतो. हे ओझे खरे आहे आणि ते पुसून टाकणारा कोणताही सोपा सिद्धान्त नाही. एवढेच म्हणता येईल की, गावे सहसा सरसकट नकार देत नाहीत. वरळीच्या कोळ्यांनी पूल नको असे म्हटले नव्हते. खांब कोठे असावा याविषयी त्यांचे म्हणणे होते. जेथे खरोखर विचारले जाते तेथे उत्तरे बहुधा खांबाविषयी येतात. ज्याला कोणी विचारलेच नाही त्याच्याकडे मात्र ‘नको’ हा एकच शब्द उरतो.

आणि विकासकाच्या बाजूने एक अडचण अशी की, तो राहणारा नसतो. शेजार हे राहणाऱ्यांमधले नाते आहे. कोणाच्या परसातले पाणी कोणाकडे वाहते, कोणाच्या घरी सुतक आहे, कोणाशी दोन पिढ्या अबोला आहे, हे ज्याला रोज सांभाळावे लागते तो शेजारी. विकासक इमारती विकतो आणि पुढच्या गावी जातो. त्याने जोडलेले वा बिघडवलेले नाते वारसाहक्काने घर घेणाऱ्यांकडे येते. सोळाव्या मजल्यावर राहायला आलेल्या कुटुंबाला खालच्या गावातला सुकत घातलेल्या बोंबलांचा वास सहन होत नाही आणि ते तक्रार करते, तेव्हा त्याला हे ठाऊक नसते की आपली इमारत बोंबील सुकवण्याच्या खळ्यावर उभी आहे. त्याला ते कोणी सांगितलेले नसते. विक्रीच्या पत्रकात समुद्राचे चित्र होते, खळ्याचे नव्हते. कौलनाम्याच्या काळी शब्द देणारी गादी पुढच्या पिढीतही त्या शब्दाला बांधलेली मानली जाई. आजच्या कंपनीला पिढ्या नाहीत. तिने दिलेला शब्द प्रकल्प संपल्यावर कोणापाशी मागायचा, याची तजवीज करारात करावी लागेल. आदर ही मनोवृत्ती आहे असे मानून येथे भागणार नाही. येथे तो नोंदणी करून ठेवण्याची वस्तू आहे.

२०२४ च्या ऑक्टोबरात राज्य शासनाने उरण, पनवेल आणि पेण तालुक्यांतील १२४ गावांच्या सुमारे ३२३ चौरस किलोमीटर क्षेत्रावर आणखी एक नवे नगर वसवण्यासाठी मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची नेमणूक केली. त्या आधीच्या महिन्यांत हजारो गावकऱ्यांनी आपल्या हरकती लेखी नोंदवल्या होत्या. प्रस्तावित नगराच्या नावात कर्नाळा, साई आणि चिरनेर ही तीन नावे आहेत. चिरनेर म्हणजे जेथे २५ सप्टेंबर १९३० रोजी जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला ते गाव. आणि जासई त्याच उरण तालुक्यात आहे. त्या हरकतींतल्या पुष्कळशा जमिनीच्या दराविषयी असतील, काही गावठाणाच्या रेषेविषयी, काही बांधांविषयी आणि उघाड्यांविषयी. हरकत नोंदवणाऱ्याला कार्यालयातून पोच मिळते. तिच्यावर आवक क्रमांक असतो आणि तारीख असते. ती पोच घरोघरी जपून ठेवली जाते, साडेबारा टक्क्यांच्या जुन्या कागदांशेजारी.